तीन मिनिटांचा पाठ-व्हिडिओ: शिक्षकांनी डिजिटल साधनं शिकायला सुरुवात कुठून करावी

डिजिटल साधनांची प्रशिक्षणं बहुतेक वेळा साधनांच्या क्रमानं चालतात. आधी स्लाइड, मग क्विझ, मग व्हिडिओ एडिटर, मग आणखी एखादं अ‍ॅप. शिकताना सगळं जमतं, आणि पंधरा दिवसांनी कुठलं बटण कुठं होतं तेही आठवत नाही. दोष शिक्षकांच्या वयाचा किंवा आवडीचा नाही. साधन कोणत्या धड्यासाठी, कोणत्या अडचणीसाठी शिकायचं हे ठरलेलं नसतं, म्हणून ते हाताला चिकटत नाही.

शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक गोष्ट नीट मांडली होती: विषय येणं आणि शिकवणं येणं यांच्या पलीकडे 'हाच विषय कसा शिकवावा' हे वेगळं ज्ञान असतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये त्याला तंत्रज्ञानाची तिसरी बाजू जोडली. त्या चौकटीला टीपॅक म्हणतात. तिचा अर्थ साधा आहे. एडिटर चालवता येणं म्हणजे एडिटरनं शिकवता येणं नव्हे. विषय, पद्धत आणि साधन जिथं एकमेकांना भिडतात तिथंच खरं शिकणं होतं.

म्हणून आमचं सांगणं असं: साधनांची यादी बाजूला ठेवा. दरवर्षी मुलं जिथं अडतात अशी एक जागा निवडा आणि तेवढ्यासाठी एकच तीन मिनिटांचा व्हिडिओ करा. ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, जोडकाम, फाइलचा आकार, उपशीर्षकं हे सगळं त्या एका कामात शिकून होतं. इथं उदाहरण घेऊ चंद्राच्या कलांचं.

अडलेली जागा

कला कशामुळे दिसतात असं विचारलं की बरीच मुलं, आणि मोठी माणसंही, 'पृथ्वीची सावली चंद्रावर पडते' असं सांगतात. ते उत्तर ग्रहणाचं आहे. कला दिसतात त्या चंद्राच्या उजळलेल्या अर्ध्या भागाचा किती हिस्सा आपल्या बाजूला येतो त्यावरून. वर्गात दिवा आणि चेंडू घेऊन हे दाखवता येतं, पण त्यात एक मोठी अडचण असते. चेंडू योग्य दिसतो तो फक्त पृथ्वीच्या जागी उभं असलेल्याला. बाकीचा वर्ग तो बाजूनं पाहतो आणि त्याला कायम भलतीच कला दिसते. कॅमेरा पृथ्वीच्या जागी ठेवला की प्रत्येक मुलाला तिथून पाहता येतं. व्हिडिओ करण्याला असं ठोस कारण हवं. फळ्यावर जे नीट होतं त्याचा व्हिडिओ करण्यात वेळ घालवू नये.

संहिता: सव्वा पान

सावकाश, स्पष्ट बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० मराठी शब्द होतात. तीन मिनिटांना सुमारे ३३० शब्द, म्हणजे हातानं लिहिलेलं सव्वा पान. ते लिहून काढाच. न लिहिता बोललेला तीन मिनिटांचा मजकूर बघता बघता सात मिनिटांचा होतो. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्हिडिओंवर २०१४ मध्ये एक मोठं विश्लेषण झालं, सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदींवर. व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मधला आकडा (मीडियन) सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. ते स्वतःहून शिकायला आलेले मोठे लोक होते, हे लक्षात घ्या.

संहितेचे पाच-सहा परिच्छेद करा आणि प्रत्येकाला क्रमांक द्या. हे क्रमांक पुढे फार उपयोगी पडतात.

आवाज आधी

नवशिका शिक्षक कॅमेऱ्याच्या मागे लागतो आणि आवाज जसा येईल तसा घेतो. आमच्या मते क्रम उलटा हवा. चित्र थोडं धूसर असलं तर मुलं चालवून घेतात. शब्द कळला नाही तर दहा सेकंदांत लक्ष उडतं. शिवाय आवाज आधी तयार असला की कोणतं चित्र किती सेकंद हवं ते आपोआप ठरतं.

महागडा माइक लागत नाही. लागतं ते अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलनं उतरते. तोंडापासून २० सेंटिमीटरवर असलेला फोन १६० सेंटिमीटरवर नेला तर अंतर तीनदा दुप्पट होतं, म्हणजे १८ डेसिबलची घट. खोलीतला पंखा, बाहेरची गाडी, भिंतींवरून येणारा घुमारा मात्र तेवढाच राहतो. टेबलावर लांब ठेवलेल्या फोनमधला आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो तो यामुळेच.

म्हणून फोन तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर धरा. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. ती कड तुमच्याकडे हवी आणि ती बोटानं झाकली जाणार नाही हे बघा. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला धरा. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, तो सरळ माइकवर आदळला की 'भप्प' असा दणका नोंदला जातो. 'पृथ्वी' आणि 'पौर्णिमा' हे शब्द तर या पाठात दर दोन वाक्यांनी येतात.

रिकामी, फरशी असलेली खोली टाळा. पडदे, गाद्या, कपड्यांचं उघडं कपाट जिथं आहे ती खोली उत्तम, कारण कापड आवाजाचं परावर्तन शोषतं. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. बोलायला सुरुवात करण्याआधी पाच सेकंद गप्प राहा. ती शांतता नंतर कामाला येते.

प्रत्येक परिच्छेद वेगळी फाइल म्हणून नोंदवा. चूक झाली तर तेवढाच परिच्छेद पुन्हा. सलग तीन मिनिटं बिनचूक बोलण्याचा प्रयत्न करणारे दहाव्या प्रयत्नाला थकतात आणि तो थकवा आवाजात ऐकू येतो.

सफाईसाठी ऑडॅसिटी हे मोफत साधन पुरेसं आहे. सुरुवातीच्या शांततेतला एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'मध्ये त्याचा नमुना घ्या, मग सगळा आवाज निवडून तेच साधन पुन्हा उघडा आणि घट ६ ते १२ डेसिबल ठेवा. जास्त ठेवली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा, धातूचा वाटू लागतो, कारण गोंगाटाबरोबर तुमच्या व्यंजनांचे बारीक कंगोरेही कापले जातात. आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान असावीत. शून्याला टेकून सपाट झालेली लाट म्हणजे आवाज फाटला. तो नंतर मनासारखा दुरुस्त होत नाही, पुन्हाच बोलावं लागतं. शेवटी मोनो, ६४ केबीपीएस (किलोबिट दर सेकंद) ठेवून निर्यात करा. बोलण्याला तेवढं पुरतं, आणि मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही.

चित्रीकरण: पट्टी, चेंडू आणि दिवा

साधारण ७० सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या. एका टोकाला फोन आडवा उभा करून रबरानं घट्ट बांधा. दुसऱ्या टोकाला काडीवर ७-८ सेंटिमीटर व्यासाचा पांढरा, चकाकी नसलेला चेंडू बसवा, थर्माकोलचा चालतो. गुळगुळीत चेंडूवर दिव्याचा लख्ख ठिपका पडतो आणि कलेची कड हरवते. चेंडूचा मध्य पट्टीपासून २० सेंटिमीटर उंच ठेवा, फोन किंचित मागे कलता करा आणि दोनपट झूम लावा. पट्टी फिरत्या स्टुलावर ठेवा. शेड नसलेला एकच दिवा पट्टीच्याच उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब.

चेंडू उंच का? तो फोनच्या रेषेत असला तर पौर्णिमेच्या जागी फोनची सावली त्याच्यावर पडेल, म्हणजे दर महिन्याला चंद्रग्रहण. खऱ्या चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. आपल्या मांडणीत हा कल बराच जास्त आहे, ते मुलांना सांगून टाकावं. ही उंची सोयीचीही आहे: अमावास्येच्या जागी दिवा चौकटीच्या खाली राहतो आणि भिंगात चमक येत नाही.

खोली पूर्ण अंधारी हवी. पांढऱ्या भिंती जवळ असतील तर त्यांच्यावरून परतलेला उजेड चेंडूची काळी बाजू राखाडी करतो. तिथं गडद कापड टांगा.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट. फोनचा कॅमेरा चौकटीतला सरासरी उजेड बघून स्वतःच चित्र उजळवतो किंवा गडद करतो. आपली चौकट जवळजवळ काळी, त्यामुळे तो सगळं उजळवतो आणि चेंडू पांढरा फटक गोळा दिसतो. पट्टी फिरली की तो पुन्हा आपलं मत बदलतो. उपाय असा: अर्धा चेंडू उजळलेला दिसेल त्या जागी पट्टी आणा, पडद्यावर चेंडूच्या उजळ भागावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथंच कुलूपबंद होतात. मग शेजारची उजेडाची पट्टी खाली ओढा, चेंडूच्या पृष्ठभागाचा पोत दिसेपर्यंत. कुलूप लागलं की नाही ते पाहायला एकदा पट्टी पूर्ण फिरवून बघा.

चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर तो दिव्याचा दोष आहे. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० चा असेल तर १२० वेळा. कॅमेऱ्याच्या 'प्रो' मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० (६० हर्ट्झ असेल तिथं १/६० किंवा १/१२०) ठेवलं की पट्टे जातात. ती सोय नसेल तर दिवा बदला.

जमिनीवर खडूनं ४५-४५ अंशांवर आठ खुणा करा. भिंगावरचा बोटाचा ठसा पुसा. आपल्या लक्षात येत नाही, पण दिव्याभोवती धुकं दिसतं ते त्याचं असतं. अमावास्येपासून सुरुवात करून, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेनं स्टूल फिरवा आणि प्रत्येक खुणेवर तीन सेकंद थांबा. पहिल्या पाव फेरीला दिवा उजवीकडे येतो आणि चेंडूची उजवी बाजू उजळते: शुक्ल अष्टमी. उत्तर गोलार्धातून चंद्र असाच दिसतो. एक फेरी ४५ ते ५० सेकंदांत होते. तीन फेऱ्या चित्रित करा, एक तरी चांगली मिळते. याशिवाय खोलीत उजेड करून सगळ्या मांडणीचं दुरून दहा सेकंदांचं चित्रण घ्या. ते नसेल तर मुलांना कळणारच नाही की कॅमेरा होता कुठं.

जोडकाम

शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट ही तिन्ही मोफत आहेत. मोबाइलवरचं कुठलंही एडिटरही चालेल. आधी एक फोल्डर करा आणि त्यात सगळ्या क्लिप, आवाजाच्या फाइल आणि चित्रं टाका. मगच एडिटर उघडा. एडिटरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त 'अमुक फाइल अमुक जागी आहे' असे पत्ते असतात. नंतर फाइल हलवली, नाव बदललं किंवा पेनड्राइव्ह काढला की प्रोजेक्ट उघडताना क्लिप सापडत नाहीत. दुसऱ्या संगणकावर न्यायचं तर सगळं फोल्डर न्या.

आवाजाच्या फाइल क्रमांकाप्रमाणे टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमधल्या वेळेच्या पट्टीवर, ओळीनं लावा. त्यांच्यावर चित्र बसवा. शॉटकटमध्ये 'एस' दाबलं की क्लिप तिथं दुभंगते आणि 'एक्स' दाबलं की निवडलेला तुकडा जाऊन मागचा भाग पुढे सरकतो. या पाठाला या दोन कळांच्या पलीकडे फारसं काही लागत नाही. फोनचा व्हिडिओ अडखळत असेल किंवा त्यातला मूळ आवाज हळूहळू मागेपुढे होत असेल तर कारण असं की फोन दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच चौकटी घेत नाही. हँडब्रेक या मोफत साधनात ती क्लिप 'कॉन्स्टंट फ्रेमरेट', ३० वर बदलून घ्या आणि मग वापरा.

पार्श्वसंगीत घालू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी शिकण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले आहेत आणि त्यांतून निघालेल्या तत्त्वांपैकी तीन इथं थेट लागू पडतात. पाठाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट शिकणं कमी करते. जे बोलतो तेच शब्द त्याच वेळी पडद्यावर लिहिले तर डोळे आणि कान एकाच कामात अडकतात, चित्राकडे पाहायला कुणी उरत नाही. आणि बाण किंवा वर्तुळ योग्य क्षणी दिसलं की नजर योग्य ठिकाणी जाते. तेव्हा पडद्यावर फक्त 'शुक्ल अष्टमी' एवढेच दोन शब्द आणि उजळ कडेकडे एक बाण.

ते दोन शब्द लिहितानाही एक खड्डा आहे. काही एडिटरांना देवनागरीची अक्षरजुळणी नीट येत नाही. 'पौर्णिमा'मधला रफार सुटा पडतो, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, 'शुक्ल'मध्ये हलन्त दिसतो. फॉन्ट बदलून हे बहुधा सुटत नाही, कारण अडचण फॉन्टची नसून जुळणी करणाऱ्या भागाची असते. सोपा मार्ग: शब्द स्लाइडच्या साधनात लिहा, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र म्हणून साठवा आणि चित्र म्हणूनच टाइमलाइनवर ठेवा.

ऐकू न येणाऱ्या मुलांना आणि ज्यांच्या घरची भाषा वेगळी आहे त्यांना उपशीर्षकं लागतातच. ती चित्रात कायमची कोरू नका. वेगळ्या एसआरटी फाइलमध्ये द्या, म्हणजे हवी तेव्हा चालू करता येतात. ही साधी मजकुराची फाइल असते: पहिल्या ओळीत क्रमांक, दुसरीत सुरू आणि बंद होण्याची वेळ, तिसरीत वाक्य, मग एक रिकामी ओळ. वेळेत सेकंदांनंतर स्वल्पविराम येतो, टिंब नाही. वेळेचे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. देवनागरी अंक प्लेअरला कळत नाहीत. आणि फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतील.

फाइल एवढी मोठी का

फोनमध्ये १०८०पी, सेकंदाला ३० चौकटी अशा चित्रीकरणाचा एक मिनिट साधारण १३० एमबी खातो. हे एका सूत्रानं कळतं: बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला नोंदली जाणारी माहिती (मेगाबिट दर सेकंद), गुणिले सेकंद, भागिले ८, म्हणजे एमबी. फोन सुमारे १७ मेगाबिटनं नोंदतो. १७ गुणिले ६० भागिले ८ म्हणजे सव्वाशेच्या वर. आठनं भागायचं कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. बरेच जण तो ८ विसरतात आणि हिशेब आठपट चुकतो.

वर्गात दाखवायला ७२०पी आणि १ मेगाबिट पुरेसं आहे, विशेषतः आपल्यासारख्या बहुतांशी काळ्या आणि संथ चित्राला. १ गुणिले १८० भागिले ८, म्हणजे साडेबावीस एमबी. हँडब्रेकमध्ये ७२०पीचं तयार सेटिंग घ्या, फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४. ही जोडी जवळजवळ सगळ्या फोन, टीव्ही आणि प्रोजेक्टरच्या खोक्यांवर चालते. नवं एच.२६५ फाइल लहान करतं, पण जुन्या यंत्रावर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो आणखी दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. मूळ क्लिप आणि प्रोजेक्टचं फोल्डर मात्र जपून ठेवा. दाबलेल्या फाइलमधून मूळ दर्जा परत येत नाही.

दुसऱ्याचं चित्र, मुलांचे चेहरे

खऱ्या चंद्राचा फोटो हवा असेल तर नासाची बहुतेक छायाचित्रं कॉपीराइटमुक्त असतात, आणि विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एनसी' म्हणजे व्यापारासाठी नको, 'एनडी' म्हणजे बदललेली आवृत्ती वाटू नका, 'एसए' म्हणजे बदल करून वाटलं तर याच परवान्यानं वाटा. श्रेयात चार गोष्टी लिहा: चित्राचं नाव, कर्ता, कुठून घेतलं, कोणता परवाना. शोधयंत्रात दिसलं म्हणजे मोफत, असं नसतं. मुलं चित्रात दिसणार असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्या. त्याहून सोपं म्हणजे फक्त हात दिसू द्या.

वर्गात दाखवताना

आपला व्हिडिओ अंधारा आहे आणि प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडदा जेवढा काळा, तेवढंच चित्रातलं काळं. उजेडाच्या वर्गात अष्टमीचा चंद्र राखाडीवर राखाडी दिसेल. खिडक्या झाकता येत नसतील तर मोठा टीव्ही वापरा, किंवा आठ खुणांवरची आठ चित्रं काढून गडद रेषांनी पांढऱ्यावर आखून घ्या. एचडीएमआय जोडली की संगणक आवाज प्रोजेक्टरच्या इवल्याशा स्पीकरकडे पाठवतो. ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन तो मोठ्या स्पीकरकडे वळवा. आदल्या दिवशी शेवटच्या बाकावर बसून एकदा पूर्ण पाहा. पडद्यावरचे शब्द तिथून वाचता आले नाहीत तर ते मोठे करा. फाइल संगणकावर उतरवलेली असू द्या, नेटच्या भरवशावर राहू नका.

सलग दाखवू नका. शुक्ल अष्टमीपाशी थांबवा आणि विचारा: 'आता दिवा कुठं आहे?' मुलांनी वहीत वर्तुळ काढून दिव्याची जागा दाखवायची, मगच पुढे. पौर्णिमेच्या आधी पुन्हा थांबवा: 'यावेळी सावली पडेल का, आणि का?' इंटरनेट असलेल्या ठिकाणी हेच थांबे एच५पी या मोफत साधनानं व्हिडिओतच बसवता येतात. उत्तर दिल्याशिवाय तो पुढे जाणार नाही अशी सोय त्यात आहे.

वह्या गोळा करा आणि कोणत्या थांब्यावर वर्ग चुकला ते मोजा. अर्ध्याहून जास्त मुलं पौर्णिमेला अडली असतील तर त्याच परिच्छेदाचा मजकूर बदला, तेवढीच एक आवाजाची फाइल पुन्हा नोंदवा आणि टाइमलाइनवर जुन्याच्या जागी बसवा. परिच्छेद वेगवेगळे ठेवलेले असल्यानं हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढच्या तुकडीला सुधारलेला पाठ मिळतो.